गोंदणाचे ऋण
(देहावर धारण करावयाच्या चिन्हांविषयी थोडे चिंतन)

देवदर्शन आटोपून भाविक महाद्वाराबाहेर येतो, तेव्हा त्याच्या हातात प्रसादाचा पुडा असतो आणि कपाळावर बुक्का किंवा कुंकू. हार-नारळाची, चिरमुरे-बत्ताशांची, बांगड्यांची आणि तसबिरींची दुकाने ओलांडून तो पुढे गेला, की जत्रेच्या कडेला बहुधा एक गोंदणारा बसलेला आढळतो. त्याच्यापुढे चित्रांचा फलक असतो. ॐ, स्वस्तिक, त्रिशूळ, शंख, गणपती, मोर, विंचू, बदाम, ‘आई’ ही दोन अक्षरे. एखादा तरुण पाच मिनिटे फलक न्याहाळतो, एका चित्रावर बोट ठेवतो आणि हात पुढे करतो. पायातील वहाण घ्यावयाची तर चार दुकाने हिंडणारा हा माणूस जन्मभर अंगावर बाळगावयाच्या चिन्हाची निवड पाच मिनिटांत करतो. शहरांतील आधुनिक दुकानांत नमुन्यांच्या वह्या अधिक जाड असतात आणि दरही मोठे असतात; परंतु तेथेही मूळ प्रश्न सुटत नाही. देहावर कोणते चिन्ह धारण करावे, आणि कशासाठी?

हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. वस्त्र बदलता येते, अलंकार उतरवून ठेवता येतो, कपाळीचा गंध सायंकाळपर्यंत पुसट होतो. गोंदण मात्र राहते. जे राहणार आहे, त्याची निवड करताना विवेक हवा, आणि तो विवेक आपल्या परंपरेतच शोधता येतो.

पूर्वीचे गोंदण

गोंदण महाराष्ट्राला नवे नाही. दिव्याची काजळी, झाडपाल्याचा रस आणि एकत्र बांधलेल्या सुया एवढ्या सामग्रीवर गोंदणाऱ्या बायका गावोगाव हिंडत. सुई टोचताना मुलीचे लक्ष वेदनेकडे जाऊ नये म्हणून गाणी म्हणत, गोंदून झाल्यावर हळद लावीत, आणि मोबदल्यात पसाभर धान्य किंवा जुने लुगडे घेऊन पुढच्या गावाला जात. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपके, मनगटावर फूल, हातावर तुळशीवृंदावन ही चिन्हे आजही अनेक वृद्ध मातांच्या अंगावर दिसतात. गोंड आणि बैगा या आदिवासी समाजांत तर स्त्रीचे गोंदण ही तिची आणि तिच्या समाजाची ओळखच मानली गेली. पुढे यंत्र आले. न्यूयॉर्क येथील सॅम्युअल ओ’रायली यांनी विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे एकस्व १८९१ मध्ये मिळविले, आणि काही दशकांत असे यंत्र जगभर पसरून आपल्या जत्रांतही येऊन पोहोचले.

जुन्या स्त्रिया गोंदणाविषयी एक समजूत सांगत. मृत्यूनंतर सोने-नाणे इथेच राहते, अंगावरचे लुगडेही जळून जाते. जिवाबरोबर जाते ते फक्त गोंदण. या समजुतीचे शास्त्र तपासण्याचे कारण नाही. तिच्यामागचा भाव पाहावा. ज्या स्त्रीच्या नावावर घर नव्हते, शेत नव्हते, माहेरचे दागिनेही सासरच्या पेटीत बंद असत, त्या स्त्रीला कोणीही हिरावून घेऊ शकणार नाही असे एक धन हवे होते. ते धन तिने वेदना सोसून मिळविले.

या गोंदणात आणखी एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. पतीचे नाव मुखाने उच्चारावयाचे नाही, अशी ज्या घरांत रीत होती, त्याच घरांतील अनेक स्त्रियांच्या हातावर ते नाव गोंदलेले असे. अक्षरओळख नसल्यामुळे तिला ते वाचताही येत नसे. जे उच्चारता येत नाही आणि वाचताही येत नाही, ते नाव ती आयुष्यभर वागवीत असे. म्हणजे त्या अक्षरांचा अर्थ तिला अक्षरांतून कळत नव्हता. रोजच्या संसारातून कळत होता. चिन्हाला अर्थ कोठून येतो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

रामनामी समाजाची शिकवण

उरलेले अर्धे उत्तर छत्तीसगडमधून मिळते. तेथे महानदीच्या परिसरात रामनामी नावाचा एक समाज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा या गावच्या परशुराम नावाच्या भक्ताने या पंथाची सुरुवात केली. ज्या जातीत त्यांचा जन्म झाला, त्या जातीच्या लोकांना मंदिरात प्रवेश नव्हता. मूर्तीपुढे उभे राहता येत नाही, म्हणून या लोकांनी रामनाम आपल्या देहावरच लिहून घेतले. कोणी कपाळावर, कोणी छातीवर, तर कोणी मस्तकापासून पायाच्या नखापर्यंत ‘राम राम’ ही अक्षरे गोंदवून घेतली. त्यांचा राम निर्गुण, सर्व चराचरात भरलेला. अंगावर रामनामाची ओढणी, माथ्यावर मोरपिसांचा मुकुट, पायी घुंगरू, अशा वेषात ते भजन करतात. दरवर्षी पौष महिन्यात त्यांचा भजनमेळा भरतो.

हे गोंदण केवळ नामाची नक्षी नव्हते. ज्याच्या अंगावर रामनाम, त्याने मद्य आणि मांस वर्ज्य करावे, नित्य नामस्मरण करावे, कोणालाही उच्च-नीच मानू नये, असे त्या नामाबरोबर आलेले नियम होते. आता कामधंद्यासाठी शहराकडे जाणाऱ्या पुढच्या पिढीत सर्वांगावर गोंदवून घेणारे फार थोडे उरले आहेत. देवाचे नाव अंगावर दिसले तर नोकरीत, शाळेत लोक काय म्हणतील, हा संकोच त्यांच्यापुढे आहे. त्या संकोचाला दोष देता येत नाही. ज्यांच्या पणजोबांनी अवहेलना सोसून हे नाव धारण केले, त्यांच्या पणतवंडांनी पुन्हा तीच अवहेलना सोसावी, असा आग्रह कोणी धरावा?

कोणत्याही देवस्थानाच्या पुस्तिकेत ही हकीकत सांगताना मान थोडी खाली जाते. महाराष्ट्रातही हेच घडले होते. चोखोबांनी पांडुरंगाची भक्ती महाद्वाराबाहेर उभे राहून केली आणि त्यांची समाधीही महाद्वारापाशीच आहे. पंढरपूरचे मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. दार बंद असताना ज्यांनी देहालाच मंदिर केले, त्यांच्या चिन्हाकडे पाहून आज दार उघडे असलेल्यांनी स्वतःला विचारावे: आपण अंगावर जे चिन्ह घेऊ इच्छितो, त्यासाठी आपण काय द्यावयास तयार आहोत?

माळ आणि गोंदण

वारकरी संप्रदायात तुळशीची माळ हे प्रमुख चिन्ह. माळ गळ्यात घालणे याला माळ ‘घेणे’ म्हणतात, आणि घेणाऱ्याला बरेच काही सोडावे लागते. मद्य-मांस सोडणे, एकादशी पाळणे, खोटे न बोलणे, परस्त्रीला मातेसमान मानणे, पंढरीची वारी करणे ही त्या माळेची बंधने. माध्व संप्रदायात आषाढ शुद्ध एकादशीला होमाग्नीत तापविलेली शंख-चक्रांची मुद्रा दंडावर घेतली जाते. श्रीवैष्णवांच्या दीक्षेतही या तप्त मुद्रेला पहिले स्थान आहे. एरवी हे भक्त रोज गोपीचंदनाच्या मुद्रा लावतात. या सर्व परंपरांत एक सूत्र समान दिसते. चिन्ह ही दीक्षेची खूण आहे. आधी नियम स्वीकारला जातो आणि मग खूण दिली जाते. आपल्या संतांनी टिळे-माळांच्या ढोंगावर कठोर टीका केली, ती चिन्हांवरची नव्हती. खूण घेऊन नियम टाळणाऱ्यांवरची ती टीका होती.

माळ आणि गोंदण यांत मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. माळ सांभाळावी लागते. दोरा झिजतो, मणी सुटतात, माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात घालेपर्यंत अन्न न घेणारे निष्ठावंत वारकरी आहेत. म्हणजे माळ आपल्या धारकाला वारंवार विचारते, ‘मी तुझ्या लक्षात आहे ना?’ गोंदण असे विचारत नाही. त्वचेचा वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो. परंतु सुईने रंग त्या थराच्या खाली सोडलेला असतो, म्हणून तो टिकतो. फ्रान्समधील मार्सेय येथील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की रंगाचे कण गिळून बसलेल्या पेशी मरतात तेव्हा ते कण सुटतात आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी तेच कण पुन्हा उचलून धरतात. शरीर आपले काम असे निष्ठेने करीत राहते. मन विसरले तरी त्वचा विसरत नाही.

गोंदणाचा धोका नेमका येथेच आहे. व्रत मोडले तरी व्रताची खूण झळकत राहते. दंडावर हनुमंत आणि घरात दुर्बलांवर हात उगारणे, मनगटावर ‘आई’ आणि आईला महिनोन्‌महिने विचारपूस नाही, अशी विसंगती मग उघड्यावर येते. पाहणाऱ्यांना ती दिसते, आणि एखाद्या निवांत क्षणी स्वतःलाही दिसते. म्हणून गोंदणाला अलंकार म्हणण्यापेक्षा ऋण म्हणणे अधिक योग्य होईल. ‘आई’ ही अक्षरे गोंदवणारा आईला काही देत नाही. आपण देणे लागतो, असे तो लिहून देत असतो.

ज्या चित्राकडून कोणतीही अपेक्षा नाही, त्याला नक्षी म्हणावे. वेल, फूल, मोर अंगावर हौसेने काढून घेण्यात पाप नाही. आपल्या आज्यांनीही ते हौसेने केले. परंतु नक्षीच हवी असेल तर नक्षी घ्यावी. देवाचे रूप नक्षीसाठी वापरू नये.

लादलेले आणि हिरावलेले चिन्ह

चिन्हाचे मोल स्वेच्छेत आहे, हे इतिहासाने कठोरपणे शिकविले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत बंगाल इलाख्यात १७९७ च्या नियमान्वये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा अपराध गोंदला जाई. ही क्रूर प्रथा १८४९ मध्ये बंद झाली. विसाव्या शतकात नाझींनी ऑश्विट्झच्या छळछावणीत कैद्यांच्या अंगावर क्रमांक गोंदले आणि माणसांची नावे पुसून टाकण्याचा प्रयत्न केला. तीच सुई, तोच रंग. परंतु दुसऱ्याने बळाने दिलेली खूण माणसाला वस्तू करून टाकते.

आपल्या घरांतही या गोष्टीची सौम्य रूपे होती. अनेक मुलींना त्यांच्या कळत्या वयापूर्वीच धरून गोंदले जाई. तिला हवे की नको, हे कोणी विचारीत नसे. याच्या उलट, पती निवर्तल्यावर तिचे कुंकू पुसले जाई, मंगळसूत्र तोडले जाई, बांगड्या फोडल्या जात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथांविरुद्ध ठराव केला, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट होय. सर्व चिन्हे उतरविली गेली तरी अशा स्त्रीच्या हातावरचे पतीचे नाव मात्र कोणाला पुसता येत नसे. चिन्ह लादणे आणि चिन्ह हिरावणे ही एकाच अन्यायाची दोन रूपे आहेत. म्हणून आई-वडिलांनी भक्तीच्या भरात लहान मुलांच्या अंगावर काही गोंदवू नये. त्यांनी मुलांना त्या चिन्हाची गोष्ट सांगावी. सज्ञान झाल्यावर निवड त्यांची त्यांनी करावी.

अर्थ एकट्याचा नसतो

निवड स्वतःची असली तरी चिन्हाचा अर्थ एकट्याच्या मालकीचा नसतो. स्वस्तिक आपल्या उंबरठ्यावर आणि वहीच्या पहिल्या पानावर मंगलाची खूण आहे. हेच चिन्ह तिरके करून नाझींनी आपल्या ध्वजावर घेतले आणि त्याखाली लक्षावधी ज्यूंची हत्या झाली. शिक्षण किंवा नोकरीनिमित्त युरोपात जाणाऱ्या मराठी तरुणाच्या मनगटावर स्वस्तिक असेल, तर समोरच्या वृद्धाच्या मनात काय उठेल याचा विचार त्याला करावा लागतो. त्यामुळे स्वस्तिकाचे पावित्र्य उणावत नाही. मात्र ते कोठे आणि कोणापुढे मिरवावे, याचे तारतम्य येते, आणि कोणी विचारल्यास शांतपणे दोन वाक्ये सांगता येतील एवढे ज्ञान धारकापाशी असावे लागते.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये बंगळूर येथे एका परदेशी तरुणाच्या पायावर यल्लमा देवीचे चित्र गोंदलेले पाहून काही लोकांनी त्याला घेरले, धमकावले, आणि पोलीस ठाण्यात त्याला माफी लिहून द्यावी लागली. यल्लमा ही महाराष्ट्रातील असंख्य घरांचीही कुलदेवता आहे, आणि देवतेचे रूप कमरेखाली असू नये ही आपली भावना सर्वांना ठाऊक आहे. त्या पाहुण्याने आधी विचारले असते तर बरे झाले असते. परंतु देवीचा मान राखावयाचा म्हणून देवीला श्रद्धेने अंगावर घेणाऱ्या पाहुण्याला भयभीत करावे, हे कोणत्या देवीला आवडेल? चुकलेल्याला बाजूला घेऊन चार शब्द सांगता येतात. चिन्हाचा आदर राखण्याच्या भरात माणसाचा अनादर घडला, तर चिन्ह आपल्याला काहीच शिकवू शकले नाही असे म्हणावे लागेल.

निवड करू इच्छिणाऱ्यांसाठी

चिन्ह धारण करण्याची ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी एक साधी रीत सुचवावीशी वाटते. एका जत्रेत ठरवावे आणि पुढच्या जत्रेत गोंदवावे. मधल्या वर्षभरात त्या चिन्हाचा नियम आचरून पाहावा. हनुमंत निवडला असेल तर वर्षभर व्यायाम आणि सेवा करावी. सरस्वती निवडली असेल तर रोज चार पाने वाचावीत. ‘आई’ निवडली असेल तर रोज तिच्यापाशी घटकाभर बसावे. वर्ष सरल्यावरही इच्छा टिकली तर चिन्ह खुशाल घ्यावे, ते शोभेल. नियम टिकला आणि गोंदवण्याची गरजच वाटेनाशी झाली, तर ते त्याहूनही चांगले.

काही व्यावहारिक गोष्टीही ध्यानात असाव्यात. प्रत्येकासाठी नवी सुई आणि वेगळा रंग वापरला जात आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. एकाच सुईने अनेकांना गोंदल्यास कावीळ ‘ब’ व ‘क’ तसेच एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. मधुमेह किंवा त्वचेचा विकार असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. गोंदवून घेतल्यावर साधारणतः एक वर्ष रक्तदान करता येत नाही. नियमाने रक्तदान करणाऱ्या भाविकांनी हा त्याग मनाशी तोलून पाहावा. सैन्यात भरती होऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी तेथील नियम आधी वाचावेत. कोपरापासून मनगटापर्यंतचा हाताचा आतील भाग आणि तळहाताची मागील बाजू याखेरीज अन्यत्र कायमचे गोंदण सैन्यभरतीत सामान्यतः चालत नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे. लेसरने गोंदण काढता येते, परंतु ते खर्चाचे व वेदनेचे काम असून पुष्कळदा पुसट खूण मागे राहतेच.

आणि ज्यांना अंगावर काहीच नको आहे, त्यांनी आपली भक्ती उणी आहे असे मुळीच मानू नये. देवाने भक्ताचा दंड उघडून पाहिल्याची कथा कोणत्याही पुराणात नाही.

दर्शनाच्या रांगेत कधी एखादी वृद्ध माउली पुढे असते. देवापुढे हात जोडताना तिचा पदर सरकतो आणि मनगटावरचे तुळशीवृंदावन दिसते. साठ-सत्तर वर्षांत त्याच्या रेषा पसरून निळसर झालेल्या असतात. तुळस कोणती आणि वृंदावन कोणते, हेही नीट ओळखू येत नाही. परंतु तिने रोज सकाळी अंगणातल्या तुळशीला पाणी घातलेले असते. चित्र पुसट झाले तरी तिचे ऋण असे रोज फिटत आलेले आहे. सर्व भाविकांना आपापल्या चिन्हाशी एवढी निष्ठा लाभो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥